बेडरूममधला आरसा आणि फेंगशुई

पलंगावर झोपलेलं माणूस ज्यात दिसतं असा आरसा बेडरूममध्ये नको, ही फेंगशुईतली बहुतेक सगळ्यात जास्त पाळली जाणारी समजूत. फेंगशुई म्हणजे शब्दशः वारा आणि पाणी. विद्या मूळची चीनची, आणि सुरुवातीला तिचा घरापेक्षा थडग्याशी जास्त संबंध होता, म्हणजे पूर्वजांना कुठे पुरलं की पुढच्या पिढ्यांचं भलं होईल वगैरे. छी नावाची प्राणशक्ती वाऱ्याने पांगते आणि पाण्यापाशी थांबते असं त्यातला जुना दफनग्रंथ सांगतो. आरसा ही छी परत फेकतो असं मानतात, म्हणून वर्दळीच्या खोलीत तो चालतो, पण झोपायच्या खोलीत सगळं निवांत हवं आणि तिथे हा रात्रभर तिला चेंडूसारखी टोलवत बसतो.

हे झालं साधं कारण. त्याहून घाबरवणारं दुसरं आहे, की माणसात ३ हुन आणि ७ पो असे आत्म्याचे भाग असतात, झोपेत हुन जरा बाहेर फिरून येतो आणि जाता-येता आरशात स्वतःलाच बघून दचकतो, मग वाईट स्वप्नं, मध्येच जाग, सकाळी अंग जड. तिसरं कारण नवराबायकोचं. बेडवरची दोन माणसं आरशात दुप्पट दिसतात म्हणून संसारात तिसरं कोणीतरी शिरणार (हिशेबाने दोन शिरायला हवीत, पण असो). गंमत म्हणजे हेच दुप्पट दिसणं डायनिंग टेबलासमोर एकदम शुभ होतं, कारण तिथे ताटातलं अन्न दुप्पट दिसतं.

हे सगळं हजारो वर्षांपासून चालत आलंय असं दुकानदार सांगतात, ते मात्र अर्धंच खरं आहे. आरशात काहीतरी शक्ती असते ही समजूत जुनी, नियम नवा. जुन्या चीनमध्ये आरसा म्हणजे घासून लख्ख केलेली काशाची छोटी तबकडी, वापर झाला की झाकून ठेवायची, तिच्यात पलंग दिसणार तरी कसा! चौथ्या शतकातले चिनी लेखक गे होंग लिहितात की डोंगरात जाणारे ताओपंथी साधू ९ चूनपेक्षा मोठा, म्हणजे जेमतेम वीत-सव्वा वीत रुंदीचा आरसा पाठीवर बांधून जायचे, कारण माणसाचं रूप घेतलेलं पिशाच्च आरशात खऱ्या रूपात दिसतं. म्हणजे आरसा तेव्हा भुताला पळवणारा होता, बोलावणारा नव्हे.

पलंग मावेल एवढी मोठी काच युरोपातून आली, आणि आली तीही श्रीमंतांच्या घरी. त्साओ श्वेछिन यांची ‘हुंगलौमंग’ ही कादंबरी १७९१ मध्ये छापली गेली, तिच्यात एक खेड्यातली म्हातारी जरा जास्त झाल्यावर चुकून घरातल्या लाडक्या मुलाच्या खोलीत शिरते, समोर डोक्यात फुलंच फुलं माळलेली बाई बघते आणि तिला वाटतं आपली विहीणच आलीये, तिच्याशी बोलायलाही लागते, असतो तो आरसा. तोच मुलगा पुढे एकदा स्वप्नात आपल्यासारखाच दुसरा मुलगा बघून घाबरून उठतो, तेव्हा दासी म्हणते, घरच्या आजीसाहेब सांगतात ते उगाच नाही, लहान मुलांच्या खोलीत फार आरसे नसावेत, त्यांचा जीव अजून पुरता भरलेला नसतो आणि इथे तर मोठ्या आरशासमोरच पलंग टाकलाय. आजचा नियम जवळजवळ शब्दाला शब्द इथे सापडतो, फक्त तो लहान मुलांपुरता आहे आणि नवराबायकोचा त्यात पत्ताच नाही.

हाँगकाँगमध्ये खिडकीबाहेर लटकवलेले अष्टकोनी पा-क्वा आरसे दिसतात, ते प्रकरण वेगळं. ते समोरच्या इमारतीचा टोकदार कोपरा परतवायला असतात, घरात लावायचेच नसतात, आणि आपल्याकडे तोंड करून लावला म्हणून शेजाऱ्यांची भांडणंही होतात. उलट फेंगशुईचे गुरू लिन युन यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत रुजवलेल्या पंथात आरसा हा सरसकट उपाय, त्याला फेंगशुईची अ‍ॅस्पिरिनच म्हणतात.

आपल्याकडे फेंगशुई आली ती लाफिंग बुद्धा आणि विंड चाइमबरोबर, आणि लगेच वास्तुशास्त्रात मिसळून गेली. खरं तर दोघांचं गणित वेगळं, फेंगशुई बघते पलंग कुठून दिसतो आणि वास्तुवाले बघतात दिशा, आरसा उत्तर किंवा पूर्व भिंतीवर हवा म्हणतात. मुंबईच्या वनबीएचकेत दारावर आरसा असलेलं लोखंडी कपाट पलंगासमोर सोडून कुठे बसतच नाही, त्यामुळे दोन्ही सल्ले एकदम पाळायचे तर कपाट जिन्यातच ठेवावं लागेल.

अंधुक उजेडात आरसा भिववतो हे मात्र खरं आहे. इटलीच्या जोव्हानी कापुतो यांनी २०१० मध्ये ५० जणांना मंद दिव्यात १० मिनिटं आरशात बघायला लावलं, तर बऱ्याच जणांना स्वतःचा चेहरा वेडावाकडा, काहींना अनोळखी माणूस, काहींना राक्षसासारखं काहीतरी दिसलं. मेंदू एकाच ठिकाणी रोखून बघायला कंटाळतो आणि उरलेलं स्वतः रंगवतो, असं साधारण कारण देतात.

उपाय सगळीकडे सारखेच. आरसा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, पलंग सरकवा, फिल्म चिकटवा, टीव्हीची काळी काचही झाका असं काही जण म्हणतात. सगळ्यात चालणारा उपाय म्हणजे कापड. आमच्या मावशीकडे कपाटाच्या वरच्या कडेला दोन पिनांनी जुनं पातळ अडकवलेलं असतं, सकाळी भांग पाडायला वर फेकलं जातं आणि रात्री खाली घ्यायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही. त्या कादंबरीतल्या दासीचीही तक्रार हीच होती, की आरशाची खोळ खाली असते तेव्हा ठीक, पण उकाड्यात डोळे जड झाल्यावर ती सोडायचं कोणाला सुचतंय.