हाताखाली बसणं: वऱ्हाडात घरची कृती कोणाला मिळायची, कोणाला नाही

पंगत उठते, पाटोडीच्या रश्श्याची तारीफ होते आणि एखादी पाहुणी विचारते, "मसाल्यात काय काय टाकलं वो?" आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. "सांगून नाही येत हे, बाई. उद्या सकाऊन येजो, हाताखाली बसजो." बाहेरच्या माणसाला ही टाळाटाळ वाटते. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण ते आमंत्रण असतं, आणि खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन लसूण सोलायला बसणारीला सगळं मिळतं. पंगतीतल्या पंगतीत विचारणारीला धने, मिरची, खोबरं एवढीच नावं कळतात.

ही रीत आली कुठून, हे पाहायचं तर आधी उन्हाळ्यातल्या अंगणात जावं लागतं. कुरड्यांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा आणि पहाटे आंधणात घोटायचा. घोटणारी एक, गंज (पातेलं) धरणारी दुसरी, सोऱ्या दाबणाऱ्या आणखी दोघी. सरगुंड्यांचं काम तर त्याहून नाजूक. घट्ट भिजवलेल्या पिठाची बारीक वळी काडीभोवती गुंडाळायची, अलगद सरकवून काढायची आणि वाळवायची. लग्नसराईत सोयऱ्यांना आमरसासोबत सरगुंडे वाढायचे म्हणजे डबेच्या डबे लागत. एका घरच्या बायकांना ते आवरणारं नव्हतं, म्हणून शेतात जशी सावड तशी वाळवणातही. आज माझ्या दारी, उद्या तुझ्या दारी. जिथे दहा हात एकाच पिठात आहेत तिथे काय लपवणार? सगळ्या गल्लीची कुरडई सगळ्या गल्लीला येत होती. शिकवणं असं वेगळं नव्हतंच, लेकी-सुना काम करता करता शिकत.

मांड्यांचंही तसंच. विदर्भात मांडे, कोणी लांब पोळी म्हणतं, अजूनही चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर भाजतात. सैल कणीक आपटून आपटून मऊ करतात, मग दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवतात. सगळं डोळ्यांसमोर होतं, लपवलेलं काहीच नसतं, तरी पाहून कोणाला येत नाही. मांडा जिला येतो तिला तो राखावा लागत नाही.

राखला जायचा तो मसाला, आणि त्यातही जिन्नस नव्हे, प्रमाण. धने, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, जायपत्री ही नावं सगळ्यांनाच ठाऊक असतात. कोणतं किती, कोणतं आधी भाजायचं आणि कोणतं कच्चंच टाकायचं, हे घराचं असायचं. मसाला वर्षातून एकदा, उन्हं तापली की व्हायचा. उखळात कांडायचा तोवर तो घरातच राहायचा. पुढे गावात मिरची-मसाला कुटणारी चक्की आली आणि घरचा मसाला पहिल्यांदा परक्याच्या नजरेला पडला. माझी थोरली मामी त्यावर एक उपाय करी. अर्धे जिन्नस गावच्या चक्कीवर, अर्धे बाजाराच्या दिवशी तालुक्याला. दोन्ही पुड्या घरी आणून कोपरात, म्हणजे मोठ्या परातीत, एकत्र करायची, तेही दार लोटून.

लहानपणी आम्ही यावरून तिला चिडवत असू. आज त्याचं वाईट वाटतं. कारण तिच्या नावावर जगात काय होतं? वावर सासऱ्याचं, मग नवऱ्याचं. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी चढलं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना बापाच्या हिश्श्यात वाटा दिला, महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मतः हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. पण तिचं लग्न या सगळ्या सुधारणांच्या कितीतरी आधीचं, आणि माहेरी हक्क मागितला तर माहेर तुटतं ही भीती कायद्याने जात नाही. अशा बाईजवळ देण्यासारखी किंवा न देण्यासारखी एकच गोष्ट होती, तिच्या हातची चव. 'अमक्याच्या घरचा रस्सा' या बोलण्यात घर नवऱ्याचं असलं तरी रस्सा तिचा होता. तिला कोती म्हणणाऱ्यांनी आधी तिचा सातबारा पाहावा.

मसाल्याचा डबा सुनेच्या हाती देणं हा म्हणूनच घरातला मोठा प्रसंग असायचा. त्याला पूजा नव्हती की मुहूर्त नव्हता. एखाद्या वर्षी सासू म्हणायची, "यंदा तू भाज, मी बसते." तेवढ्यावर घराला कळायचं. लेकींना मात्र बहुतेक घरांत मसाला दिला जात नसे, कारण लेक ती कृती दुसऱ्या घरी नेणार. तरीही चवी लेकींबरोबरच गेल्या. एकाच गावात दोन घरांचा रस्सा सारखा लागला तर लोक सोयरीक शोधायचे, आणि बहुधा ती सापडायची.

आता कडू भागाकडे. वाटीभर भाजी भिंतीपलीकडे द्यायची, आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, शेतातलं पहिलं काही निघालं की वानोळा पाठवायचा, या गोड रीती आपण अभिमानाने सांगतो. पण ती वाटी कोणत्या भिंतीपलीकडे जात होती आणि कोणत्या वस्तीपर्यंत कधीच जात नव्हती, हे सांगत नाही. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. त्या कथेत मुक्ताबाईला मांड्यांची कृती कोणी नाकारली नव्हती, ती तिला येतच होती. कुंभाराला खापर देऊ नको म्हणून सांगण्यात आलं होतं. वाळीत टाकलेल्यांची चूल अडवायची तर भांडं अडवायचं, पाणी अडवायचं, जिन्नस अडवायचे. कृतीच्या देवाणघेवाणीचा इतिहास लिहिताना मला ही कथा सारखी आठवते.

काही घरांच्या कृती कोणी मागितल्याच नाहीत. वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रक्तापासून केलेली रक्ती, पडेल ते शिजवून चवीला आणण्याचं कसब दलित वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या होतं, पण सवर्ण घरांच्या लेखी ती पाककला नव्हतीच. महाडच्या १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचं मांस सोडायला सांगितलं आणि अनेक घरांनी ते सोडलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. पुढच्या पिढीतल्या कित्येक आयांनी जुन्या कृती लेकरांना दिल्या नाहीत. हे राखणं नव्हे, हे मागे टाकणं आहे. आज अशा कृतींबद्दल कुतूहलाने विचारत फिरणाऱ्यांनी तो फरक ओळखावा. समोरची बाई गप्प बसली तर ते तिचं उत्तर आहे, आणि तिथे दुसऱ्यांदा विचारू नये. तिने होऊन सांगितलं तर तिच्याच शब्दांत लिहावं.

राखणीचा आणखी एक धडा याच मातीत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' हा मराठी गद्यग्रंथ लिहिला. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. त्यामुळे ते पंथात जपले गेले, आणि त्याच कारणाने बाकीच्या मराठी जगाला शतकानुशतकं त्यांचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती आली तेव्हा कुठे मराठी गद्याचा आरंभ किती मागचा आहे हे कळलं. जपणूक आणि अज्ञात राहणं, दोन्ही एकाच कुलपामुळे.

स्वयंपाकाची छापील पुस्तकं आली तीही आमच्या बाजूने नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं, कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० चं. या पुस्तकांनी मराठी स्वयंपाकघर घडवलं, पण त्यातलं घर मुख्यतः पश्चिमेकडचं होतं. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, पुढे मध्य प्रांताला जोडलेला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. तोवर पुण्या-मुंबईच्या पुस्तकांतल्या स्वयंपाकाची भाषा इकडे अर्धीच कळायची. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडीची कृती ऐकून शहरातली एक नातेवाईक डाळीचं सांबार करायला निघाली होती, हे मी स्वतः पाहिलंय. फल्ली म्हणजे शेंगदाणे, चून म्हणजे पिठलं, गंज म्हणजे पातेलं. शब्दच घराबाहेर पडत नव्हते, तर कृती कशी पडणार?

मापांनीही घोळ घातला. जुन्या बायका मसाला शेर-छटाकात सांगत. छटाक म्हणजे पाच तोळे, अंदाजे ५८ ग्रॅम. शेर ८० तोळ्यांचा, ९३३ ग्रॅम. साठच्या दशकात बाजारात किलो-ग्रॅम सक्तीचे झाले आणि सांगताना शेराचा सरळ किलो झाला, छटाकाचे कधी ५० ग्रॅम झाले तर कधी १००. मिरचीचा शेर किलो झाला आणि खसखशीची छटाक ५० वर आली की मसाला बिघडतो, आणि ऐकणारीला वाटतं, हिने मुद्दाम चुकीचं सांगितलं. अशा गैरसमजातून आलेला अबोला आमच्याही नात्यात आहे.

मग चवीला पैसे मिळू लागले. नागपुरात हलबा कोष्टी समाजाच्या घरचं सावजी जेवण भोजनालयांतून विकलं जाऊ लागलं. हातमागाचं काम घटत गेलं तशी चुलीने कित्येक घरं तगवली. माग गेलेल्या घराने मसाला जपला तर त्याला गुपित म्हणून मिरवण्याची गरज नाही, ती त्याची रोजी आहे. खेड्यांत हेच बचत गटांनी केलं. धापोडे, मूगवड्या, तिखट, मसाला. पाकिटावर घटक छापावे लागतात, प्रमाण छापावं लागत नाही. मामीची जुनी युक्ती कायद्याच्याही चौकटीत बसते.

त्यापलीकडे मात्र कायदा घरच्या कृतीला फारसा ओळखत नाही. वायगावची हळद आणि भिवापूरची मिरची यांना भौगोलिक मानांकन आहे, पण ते पिकाला आणि गावाला. एखाद्या आजीच्या मसाल्याला ते मिळत नाही. स्वामित्वहक्काचा (कॉपीराइटचा) कायदा लिहिलेल्या शब्दांना जपतो, करण्याच्या रीतीला नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय वैज्ञानिकांनी त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. रद्द झालं ते जुने लेखी दाखले समोर ठेवता आले म्हणून. घराघरांत तोंडी चालत आलेलं ज्ञान तिथे एकटं पुरलं नसतं.

लिहून ठेवावं या मताचा मी त्यामुळे झालो. पण लिहिण्याबरोबर एक जुनी रीतही सांभाळायला हवी, आणि ती अलीकडे मोडते आहे. आमच्याकडे कृती सांगताना आधी माणूस सांगतात. "हे आमच्या आत्याबाईच्या हातचं", मग जिन्नस. खाल्लेल्या मिठासारखंच ते घेतलेल्या हाताचं देणं आहे. काही वर्षांपूर्वी मी मामीच्या लोणच्याचं प्रमाण एका ओळखीच्यांना दिलं. पुढच्या उन्हाळ्यात ते बाटल्यांतून विकायला आलं, वर 'पारंपरिक' असं छापून. विकल्याचं दुःख मला नाही, त्यांचंही पोट आहे. 'पारंपरिक' या शब्दात माझी मामी पुसली गेली, ते अजून सलतं. प्रमाण देण्याआधी मी तिला विचारायला हवं होतं, हेही खरं.

यंदाच्या वैशाखात मी वही आणि छोटा वजनकाटा घेऊन तिच्याकडे गेलो, सकाळीच. आधी लसूण सोलला, मग मिरच्यांची देठं काढली. दुपारी तिने कढई चढवली. प्रत्येक जिन्नस तिने मुठीने घ्यायचा आणि कढईत जाण्याआधी मी काट्यावर धरायचा, असं ठरलं. धन्यांच्या तीन मुठी तीन वजनांच्या भरल्या. मी तिसरी मूठ परत मोजायला लागलो तशी ती म्हणाली की पहिल्या मुठीचे धने जुने होते, हलके, म्हणून मूठ मोठी घेतली. ते मी समासात लिहून घेतलं. जायपत्रीच्या वेळी तिने उठून दार लोटलं, आणि मला आत राहू दिलं.

संध्याकाळी वही वाचून दाखवली. वर मी तिचं नाव घातलं होतं. तिने ते दोनदा वाचायला लावलं.

"माह्यं नोको," ती म्हणाली. "माह्या सासूचं लिहिजो. खाली माह्यं."