अवलंबित्व की विश्वव्यवस्था? सोलापूरच्या टॉवेलवरून समजणारा फरक

समाजशास्त्राच्या पेपरात अवलंबित्व सिद्धांत आणि विश्वव्यवस्था सिद्धांत यांची सर्रास गल्लत होते. कारणही तसंच आहे. गरीब देश आपोआप मागे पडले नाहीत, त्यांना मागे ठेवलं गेलं, हे दोघांचंही म्हणणं. विकासाच्या ठरावीक पायऱ्या सगळ्यांनाच चढता येतात, असं १९६० मध्ये सांगणारे अर्थतज्ज्ञ रोस्टो दोघांनाही अमान्य. त्यात अवलंबित्वाची बाजू गाजवणारे आंद्रे गुंडर फ्रँक पुढे स्वतःच विश्वव्यवस्थेच्या अभ्यासकांबरोबर काम करू लागले. तरीही हा फरक सोलापूरकरांनी तरी नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. ज्या कापडावर एकोणिसाव्या शतकात मँचेस्टर गब्बर झालं, तेच कापड विणून सोलापूर का झालं नाही?

फ्रँक यांनी १९६६ मध्ये मांडलं की मागासलेपण ही मूळची अवस्था नाही, ते भांडवलशाहीनेच घडवलंय. महानगर आणि त्याचे उपग्रह, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेले प्रदेश, अशी साखळी असते आणि प्रत्येक कडीला वरचा खालच्याचं वरकड, म्हणजे गरजा भागून उरलेलं उत्पन्न, ओढून घेतो. आपल्याकडे १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायरमधल्या कापड गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि दख्खनच्या कापसाला मुंबईमार्गे सोन्याचे दिवस आले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. भाव ठरले दुसरीकडे, फटका बसला इथल्या शेतकऱ्याला. १८७० च्या दशकात इथे ‘जुनी मिल’ या नावाने ओळखली जाणारी कापड गिरणी उभी राहिली, पण १८९६ मध्ये सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात कर लावताना तेवढाच अबकारी (उत्पादनावरचा) कर देशी गिरण्यांच्या कापडावरही बसवला. लँकेशायरचा धंदा बुडू नये, एवढ्यासाठी! १९२५ च्या अखेरीपर्यंत तो कर चालला. इथवरची गोष्ट फ्रँक यांच्या चौकटीत चपखल बसते.

मग १९४७ नंतर काय? परका राज्यकर्ता गेला, कापड विणणं चालूच राहिलं, तरी श्रीमंती आली नाही. इथे विश्वव्यवस्था सिद्धांत मांडणारे इमॅन्युएल वॉलरस्टाइन कामाला येतात. १९७४ पासून त्यांनी मांडलं की सोळाव्या शतकापासून युरोपातून पसरत गेलेली एकच श्रमविभागणी आहे आणि तिच्यात केंद्र, परीघ आणि मधला अर्धपरीघ असे तीन थर आहेत. थर देशांचे दिसतात, पण मुळात ते कामांचे असतात. मोजक्यांच्या हातात असलेलं काम केंद्राचं. कुणालाही करता येतं, ते परिघाचं. यंत्रावर कापड विणणं एके काळी मोजक्यांच्या हातात होतं, म्हणून त्यात पैसा होता. आता टॉवेल आपण विणतो, पाकिस्तान विणतो, चीनही विणतो. नफा ब्रँडकडे आणि विकणाऱ्या साखळी दुकानांकडे सरकला. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, पण परदेशी दुकानात टॉवेलवर लेबल त्या दुकानाचंच लागतं.

वॉलरस्टाइन यांचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा कुटुंबाचा आहे आणि परीक्षेच्या गाइडमध्ये तो सहसा गाळलेला असतो. सोलापूरच्या पूर्वभागातल्या कितीतरी घरांत नवरा यंत्रमागावर जातो आणि बायको कारखान्यातून तेंदूपत्ता आणून घरी विड्या वळते. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांमागे. वर स्वयंपाक, पाणी, पोरं, म्हातारी माणसं आहेतच, त्याचे पैसे कुणी देत नाही. घर दोन कमायांवर आणि या बिनपगारी कष्टांवर चालतं, म्हणून मागावरची मजुरी एकट्याने घर चालवण्याइतकी नसली तरी भागतं. टॉवेल स्वस्त पडतो तो असा. विडीला निर्यातीशी काही देणंघेणं नसेल, पण ती वळणारी बाई जागतिक बाजाराचा खर्च उचलते आहे.

उपायही वेगळे. अवलंबित्ववाल्यांचा कल साखळी तोडण्याकडे, आयात रोखून आपले कारखाने उभारण्याकडे. वॉलरस्टाइन म्हणतात, एखादा देश वर चढेलही, पण ती चौकट तशीच राहिली तर दुसरा कुणीतरी खाली असणारच.

दोघांनाही एक गोष्ट मात्र नीट पकडता येत नाही. मागावर पद्मशाली हा विणकर समाजच एवढ्या संख्येने का, तेलंगणातून ही कुटुंबं इथे का आली, विडी बायकांच्याच वाट्याला का, याची उत्तरं जात, दुष्काळ आणि घरातली सत्ता यांत शोधावी लागतात.