ग्रेफ्रायर्स दफनभूमीतील भूतकथा

स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरातील ग्रेफ्रायर्स चर्चच्या आवारात असलेल्या दफनभूमीविषयीच्या दंतकथा. जुन्या फ्रान्सिस्कन मठाच्या जागेवर ही दफनभूमी १५६२ च्या सुमारास सुरू झाली. यांतील प्रमुख कथा सर जॉर्ज मॅकेंझी (१६३६–९१) यांच्या भुताची होय.

बॉथवेल ब्रिजच्या लढाईत (२२ जून १६७९) पराभूत झालेल्या कव्हेनंटर या प्रेसबिटेरियन (बिशपांची सत्ता न मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या) बंडखोरांपैकी सुमारे १,२०० जणांना दफनभूमीलगतच्या मोकळ्या मैदानात कोंडण्यात आले. पुन्हा शस्त्र न धरण्याचे लिहून देणारे बरेचसे सुटले. उरलेल्यांपैकी सुमारे अडीचशे जणांना अमेरिकेतील वसाहतींकडे नेणारे जहाज डिसेंबरमध्ये ऑर्कनीजवळ फुटले आणि त्यांतील सुमारे दोनशे जण बुडाले. कोंडवाड्याचा कारभार प्रिव्ही कौन्सिलच्या (राजाच्या सल्लागार मंडळाच्या) आदेशांनी चाले. पण सरकारी वकील म्हणून खटले चालवणाऱ्या मॅकेंझींनाच लोकांनी ‘रक्तपिपासू’ ठरवले. याच गृहस्थांनी एडिंबरोतील वकिलांचे ग्रंथालय स्थापन केले, हे कथांमध्ये क्वचितच येते.

मॅकेंझींची घुमटाकार समाधी याच आवारात आहे. तिच्या दाराशी जाऊन ‘हिंमत असेल तर बाहेर ये’ अशा अर्थाचे गाणे ओरडायचे आणि पळत सुटायचे, हा मुलांचा खेळ एकोणिसाव्या शतकात तरी रूढ होता. त्या गाण्यातील मॅकेंझी आतच असतो, कोणाला इजा करत नाही. ओरखडे काढणारे, बेशुद्ध पाडणारे भूत १९९८ नंतरचे दिसते. एक बेघर माणूस समाधीत शिरला व त्यामुळे ते जागे झाले, अशी कथा त्या सुमारास पसरली. ती जुनी परंपरा मानण्यापेक्षा, कव्हेनंटरांच्या छळाच्या स्मृतीवर रात्रीच्या पर्यटनाने चढवलेला थर मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आज ‘कव्हेनंटरांचा तुरुंग’ म्हणून दाखवली जाणारी कमानदार दालने म्हणजे कैद्यांच्या कोठड्या नव्हेत. ती नंतर बांधलेली कौटुंबिक थडगी आहेत. हा भाग कुलूपबंद असून मार्गदर्शकासोबतच तेथे जाता येते. २००३ मध्ये समाधीतून कवटी काढणाऱ्या दोन किशोरांवर थडग्याच्या विटंबनेचा खटला झाला.

मालकाच्या येथील थडग्यापाशी राहिल्याची ख्याती असलेल्या, १८७२ मध्ये मेलेल्या बॉबी या इमानी कुत्र्याचे भुंकणे ऐकू येते, असेही सांगतात. काही थडग्यांवरील लोखंडी पिंजरे मृतांना आत डांबण्यासाठी आहेत, ही समजूत मात्र निराधार आहे. शरीरशास्त्राच्या विच्छेदनासाठी प्रेते पळवणाऱ्या चोरांपासून संरक्षण म्हणून ते बसवले गेले.