पोतं बदलणं वेगळं, दळण वेगळं : रीमक्स आणि ट्रान्सकोड

घरच्या मीडिया सर्व्हरवर, म्हणजे घरातल्या टीव्ही-मोबाईलला व्हिडिओ पुरवणाऱ्या पीसीवर, व्हिडिओ चढवताना सगळ्यात जास्त घोळ ‘कन्व्हर्ट’ या एका शब्दाने घातला आहे. हँडीकॅमच्या एमटीएस फाइलची एमपी४ केली तरी कन्व्हर्ट, आणि पंधरा जीबीची चार जीबी केली तरी कन्व्हर्टच. ही दोन कामं मुळात वेगळी आहेत. पहिल्याला रीमक्स म्हणतात, दुसऱ्याला ट्रान्सकोड. एकाला पाच मिनिटं लागतात, दुसऱ्याला अख्खी रात्र.

ज्वारी पोत्यातून काढून कणगीत ओतली तर दाणा तोच राहतो. बदलते ती फक्त ठेवायची जागा. हे रीमक्स. तीच ज्वारी गिरणीत नेली तर पीठ होतं, आणि पिठाची परत ज्वारी होत नाही. हे ट्रान्सकोड. दळण लागतंच कधीकधी, पण नुसती जागा बदलायची असताना गिरणीच्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही.

एमपी४, एमकेव्ही, एमटीएस, एव्हीआय, व्हीओबी ही पोती. यांना कंटेनर म्हणतात. आतला माल म्हणजे कोडेक, चित्र-आवाज दाबून साठवायची पद्धत: डीव्हीडीतला एमपेग-२, २००३ साली आलेला एच.२६४, २०१३ चा एच.२६५, २०१८ चा एव्ही१. फाइलच्या नावाचं शेपूट फक्त पोतं सांगतं, माल नाही. एकाच एमकेव्हीत यातलं काहीही असू शकतं. माल बघायला मीडियाइन्फो हे मोफत साधन पुरतं; व्हीएलसीत फाइल चालू असताना कंट्रोल आणि जे दाबलं तरी दिसतं.

नुसतं शेपूट बदलणं, म्हणजे एमटीएस खोडून एमपी४ लिहिणं, हे यातलं काहीच नाही. व्हीएलसी नाव न बघता फाइल उघडून आत काय आहे ते ओळखतो, म्हणून तिथे चालतं आणि काम झालं असं वाटतं. टीव्ही मात्र ‘फॉरमॅट सपोर्टेड नाही’ म्हणून मोकळा होतो.

साधनांतही हाच फरक आहे. हँडब्रेक चित्र जसंच्या तसं पुढे देऊच शकत नाही. त्यात घातलेला व्हिडिओ दळूनच बाहेर येतो. एमकेव्हीची एमपी४ करायला हँडब्रेक लावणारा माणूस विनाकारण दर्जा घालवतो आणि लाइट बिल वाढवतो. एमकेव्हीटूलनिक्स याच्या उलट: ते फक्त पोतं बदलतं, तेही एमकेव्हीतच. एफएफएमपेग हे हुकूम टाइप करून चालवायचं साधन दोन्ही करतं, आणि आपोआप चालणारी बहुतेक साधनं, टीडार असो की फाइलफ्लोज, आतून त्यालाच हाक मारतात.

आता आपल्याकडच्या घरांत खरोखर जो माल असतो तो घेऊ.

अखंड हरिनाम सप्ताहाचं चित्रीकरण बहुतेक एव्हीसीएचडी हँडीकॅमवर, म्हणजे एमटीएस फाइली बनवणाऱ्या कॅमेऱ्यावर, झालेलं असतं. सेकंदाला १७ मेगाबिटच्या दर्जाने दोन तासांचं कीर्तन सुमारे १५ जीबी होतं, सात दिवसांचे १०५ जीबी. आतला व्हिडिओ एच.२६४ आहे, म्हणजे आजचा जवळपास प्रत्येक टीव्ही आणि मोबाईल तो ओळखतो. अडचण फक्त एमटीएस पोत्याची, आणि काही ठिकाणी आवाजाच्या एसी३ प्रकाराची. रीमक्सला इथे हार्ड डिस्कच्या वेगाची मर्यादा असते, प्रोसेसरची नाही. एकाच यूएसबी डिस्कवरून वाचून तिच्यावरच लिहिलं तरी एक कीर्तन साधारण पाच मिनिटांत उरकतं. तेच काम एक्स२६५ (एच.२६५ मध्ये दळणारी गिरणी) लावून जुन्या चार कोअरच्या पीसीवर केलं, तर दोन तासांच्या कीर्तनाला चार तास सहज जातात. शंभर वॉट धरले तरी सात कीर्तनांना जवळपास तीन युनिट. युनिटांचं फार काही नाही; अठ्ठावीस तास सलग वीज मिळेल का, हा आपल्याकडचा खरा प्रश्न.

एफएफएमपेगचा रीमक्सचा हुकूम छोटा आहे: हायफन आय आणि मूळ फाइल, मग हायफन मॅप शून्य, मग हायफन सी कॉपी, शेवटी नव्या फाइलचं नाव. कीबोर्डवर अर्थातच रोमन अक्षरांत. यातलं ‘मॅप शून्य’ विसरलं, तर एफएफएमपेग एकच व्हिडिओ आणि एकच ऑडिओ उचलतं आणि दुसरी भाषा किंवा जास्तीचं सबटायटल गुपचूप गाळतं. चूक म्हणून काही दाखवत नाही, काम यशस्वी म्हणतं. मूळ फाइल पुसल्यावर महिन्याने लक्षात येतं.

लांब कीर्तनाच्या एमटीएसचे कॅमेऱ्याने तुकडे केलेले असतात, कारण कार्डावरच्या फॅट३२ या फाइल-रचनेत एक फाइल ४ जीबीपलीकडे जात नाही. प्रत्येक तुकड्याची एमपी४ करून मग जोडली तर सांध्यावर आवाज तुटतो, नेमका अभंगाच्या मधोमध. क्रम उलटा ठेवा: कच्चे एमटीएस तुकडे एकापुढे एक चिकटवून एक फाइल करा, मग एकदाच रीमक्स करा.

एसी३ आवाज मोबाईलवर किंवा ब्राउझरमध्ये अडत असेल तर मधला रस्ता आहे. व्हिडिओ कॉपी, फक्त आवाज १९२ किलोबिटच्या एएसी प्रकारात. दाणा तसाच, वरचा कोंडा तेवढा काढला. जेलीफिन या मीडिया सर्व्हरच्या डॅशबोर्डवर या पायऱ्या वेगवेगळ्या दिसतात: फाइल आहे तशी गेली तर डायरेक्ट प्ले, पोतं बदललं तर रीमक्स, आवाज बदलून व्हिडिओ कॉपी केला तर डायरेक्ट स्ट्रीम, चित्रही दळलं तर ट्रान्सकोड. नवी व्यवस्था लावण्याआधी आठवडाभर हे नुसतं बघा. कुठली फाइल कोणत्या उपकरणावर अडते ते तिथेच कळतं, आणि बरीचशी अडतच नाही हेही.

या कीर्तनांत आणखी एक भानगड असते. हँडीकॅमचं चित्र बहुधा इंटरलेस्ड, म्हणजे एका आड एक ओळींचं असतं. टाळ वाजवणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्याचे दात दिसले तर ते हेच. टीव्ही आणि व्हीएलसी ते स्वतः सावरतात. कीर्तन मुख्यतः मोबाईलवर आणि ब्राउझरमध्ये बघायचं असेल तर मात्र हे दात काढावे लागतात, आणि ते दळल्याशिवाय निघत नाहीत. एफएफएमपेगचा बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर न सांगता सेकंदाला ५० चित्रं देतो, हालचाल गुळगुळीत राहते. यॅडीआयएफ न सांगता २५ देतो. जुन्या लेखांतला हुकूम उतरवून घेतला की पंचवीसच पदरात पडतात आणि हात अडखळत हलल्यासारखे दिसतात.

लग्नाची डीव्हीडी. चित्र ७२० बाय ५७६, माल एमपेग-२, आणि व्हीओबी फाइली एकेक जीबीच्या. एमकेव्हीटूलनिक्समध्ये पहिला तुकडा टाकला की पुढच्या क्रमांकाचे तुकडे ते स्वतःच ओढून घेतं. एमकेव्ही करून ठेवा आणि हात जोडा. ब्राउझर एमपेग-२ दाखवत नाही, पण एवढ्या लहान चित्राचं आयत्या वेळी ट्रान्सकोड करणं जुन्या पीसीलाही जड जात नाही. लग्नाची डीव्हीडी ‘फोरके करून देतो’ म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. स्टुडिओने मुंडावळ्यांच्या मोत्यांचा तपशील २००६ मध्येच गमावला असेल तर तो आता कुठून येणार?

मोबाईलच्या क्लिपा. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे शेतात घेतलेल्या पाच भावंडांच्या पाच फोनमधल्या क्लिपांत एच.२६४ आणि एच.२६५ यांची सरमिसळ असते. पोतं आधीच एमपी४ किंवा मूव्ह. यांना बहुतेक वेळा हातच लावू नये. एच.२६५ एफएफएमपेगने एमपी४ मध्ये भरताना मात्र व्हिडिओचा टॅग एचव्हीसी१ असा सांगावा लागतो. ते स्वतःहून एचईव्ही१ लिहितं, आणि मग तीच फाइल आयफोनवर उघडत नाही. माल बरोबर, चिठ्ठी चुकीची.

दळायचंच असं ठरवण्याची कारणं मोजकी आहेत. घरातल्या एखाद्या उपकरणाला तो कोडेक अजिबात येत नाही. इंटरलेसचे दात काढायचेत. किंवा माल अवाढव्य आहे, जसं मिनी-डीव्ही कॅसेटवरून उतरवलेलं चित्रीकरण, जे तासाला १३ जीबी खातं. मग एक्स२६४ ला (एच.२६४ ची गिरणी) सीआरएफ हा दर्जाचा आकडा द्या: डीव्हीडी-डीव्हीच्या आकाराला १८, पूर्ण एचडीला २०. आकडा लहान तर दर्जा जास्त आणि फाइल मोठी. न सांगितल्यास एक्स२६४ २३ धरतं आणि एक्स२६५ २८. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून बघू नयेत, मापं वेगळी आहेत. इंटेलच्या क्विक सिंकसारखं हार्डवेअर दळण, म्हणजे चिपमधल्या खास भागावरचं, झपाट्याने होतं, पण त्याच दर्जाला फाइल मोठी देतं. आयत्या वेळी टीव्हीला पुरवायला ते उत्तम. कायम जपायच्या फाइलीला प्रोसेसरवरचं सावकाश दळणच बरं. रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकावर या कामाची आशा धरू नका, त्यात हार्डवेअर एनकोडरच नाही. आणि परभणीच्या मे महिन्यात माळ्यावरच्या बंद कपाटात पीसी ठेवून दुपारी हे काम लावू नका. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, चार तासांचे सहा होतात.

आपोआप चालवायचं तर आडत दुकानासारखी मांडणी करा. एक ‘आवक’ फोल्डर, एक ‘काम’, एक ‘शंका’, आणि शेवटी लायब्ररी. आवकेत फाइल दिसली की लगेच उचलू नये. कॉपी अजून चालू असू शकते. आकार सलग एक मिनिट तोच राहिला की मगच घ्यावी, नाहीतर अर्ध्या लग्नाची एमकेव्ही होते. मग एफएफएमपेगसोबत येणाऱ्या एफएफप्रोबने माल विचारायचा. कोडेक घरातल्या उपकरणांना चालणारा आणि पोतंही चालणारं: नुसती हलवा. कोडेक चालणारा, पोतं नाही: रीमक्स. फक्त आवाज अडतो: आवाजाचं एएसी. कोडेकच चालत नाही: ट्रान्सकोडच्या रात्रीच्या यादीत. यांपैकी कशातच न बसणारी ‘शंका’मध्ये, माणसाने बघायला. स्क्रिप्टने अंदाज लावू नये.

एमपी४ मध्ये भरताना दोन अटी ध्यानात ठेवाव्यात. ब्लू-रेची चित्ररूप सबटायटलं त्यात बसत नाहीत, आणि मजकुराची सबटायटलं त्याच्या स्वतःच्या प्रकारात बदलावी लागतात. नुसती कॉपी सांगितली की अख्खं काम थांबतं. दुसरी अट विजेची. एमपी४ ची अनुक्रमणिका एफएफएमपेग सगळ्यात शेवटी लिहितं. तीन तास झाल्यावर भारनियमनाने मशीन बंद पडलं तर हाती आलेली एमपी४ उघडतच नाही. एमकेव्ही जिथवर लिहिली गेली तिथवर बहुधा चालते. म्हणून लांबलचक ट्रान्सकोड एमकेव्हीत करावं आणि एमपी४ हवीच असेल तर शेवटी पाच मिनिटांचं रीमक्स. त्याच वेळी फास्टस्टार्टचा पर्याय दिला की अनुक्रमणिका फाइलीच्या सुरुवातीला येते आणि मोबाईलवर व्हिडिओ लवकर सुरू होतो. ‘काम’ फोल्डर लायब्ररीच्याच डिस्कवर ठेवा. एकाच डिस्कवर फाइल हलवणं म्हणजे फक्त नाव बदलणं, ते क्षणात होतं. वेगळ्या डिस्कवर ती कॉपी ठरते आणि अर्धवट फाइल सर्व्हरला दिसते.

तारखेवरून फोल्डर लावणाऱ्या स्क्रिप्टचा एक खास भारतीय घोटाळा आहे. एमपी४ मधली निर्मितीची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. पहाटे पाचच्या काकड्याची क्लिप म्हणूनच आदल्या दिवसाच्या फोल्डरात जाते. आधी साडेपाच तास मिळवा, मग दिवस काढा. काही कॅमेरे मात्र थेट स्थानिक वेळ लिहितात. प्रत्येक उपकरणाची एक क्लिप घेऊन घड्याळाशी ताडून पाहिल्याशिवाय नियम लावू नये.

नावं मराठीत ठेवायला हरकत नाही, पण लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल-रचनेत एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, हलंत सगळे वेगळे मोजले जातात, म्हणजे हाती उरतात ८५ चिन्हं. ‘दुसऱ्या दिवसाचं कीर्तन’ यातला ऱ तर एका कोडनेही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असा दोन कोडनेही. जुन्या मॅकच्या डिस्कवर तो दोनात फुटलेला असतो. डोळ्यांना सारखंच दिसतं, पण लिनक्स दोन वेगळ्या फाइली समजतं. स्क्रिप्टमध्ये नाव आधी एनएफसी या एकसंध रूपात आणलं की हे मिटतं. तारीख नावाच्या सुरुवातीला, सन-महिना-दिवस या क्रमाने आणि रोमन आकड्यांत. लायब्ररीचा प्रकार ‘होम व्हिडिओ’ ठेवा, नाहीतर ताईच्या लग्नाला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटतं.

मूळ फाइल पुसण्याचा नियम दोन्ही कामांना सारखा नको. रीमक्स झाल्यावर नव्या-जुन्याची लांबी एका सेकंदाच्या आत जुळली, व्हिडिओ-ऑडिओ-सबटायटलची संख्या तीच निघाली आणि एफएफएमपेगने ती फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत चूक न दाखवता वाचली, तर जुनं पोतं फेकायला हरकत नाही. ट्रान्सकोडनंतर या तिन्ही चाचण्या पास झाल्या तरी चित्र खराब झालं नाही असं त्यातून ठरत नाही. घरचं चित्रीकरण असेल तर त्याची मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर राहू द्या, आणि ती डिस्क वर्षातून एकदा लावून बघा.