पंतप्रधान युवा लेखक योजना: पात्रता, प्रस्ताव आणि आत्तापासून करायची तयारी

लिहिण्याची हौस असलेली कॉलेजातली मुलं बहुतेक वेळा कविता नाहीतर कथा लिहितात. पीएम-युवा योजनेच्या तिसऱ्या फेरीत या दोन्हींना जागाच नव्हती. तिथं हवं होतं ते कागदपत्रं, मुलाखती आणि संदर्भ यांवर उभं राहणारं ललितेतर पुस्तक.

शिक्षण मंत्रालयाची ही योजना २०२१ पासून राष्ट्रीय पुस्तक न्यास राबवतो. तिसरी फेरी ११ मार्च २०२५ रोजी जाहीर झाली, तिचे अर्ज आता बंद झाले आहेत. त्या वेळी सुरुवातीला जेमतेम महिन्याची मुदत दिली होती. एवढ्यात विषय शोधून प्रस्तावाचे दहा हजार शब्द होत नाहीत. म्हणून पुढच्या फेरीची वाट न बघता, हेच नियम समोर ठेवून कामाला लागलेलं बरं. तारखा आणि विषय अर्थातच नव्या जाहिरातीतून तपासायचे.

वय जाहिरातीच्या दिवशी ३० किंवा त्याहून कमी हवं. अर्जदार भारतीय नागरिक असावा. परदेशात राहणाऱ्यालाही भारतीय पासपोर्ट असेल तर चालतं. आधीच्या दोन फेऱ्यांत निवड झालेल्यांना पुन्हा संधी नव्हती. इंग्रजीसोबत २२ भारतीय भाषांत लिहिता येत होतं. तेव्हा मराठी येत असताना ओढूनताणून इंग्रजीत लिहू नका.

५० जण निवडायचे होते. निवड झालेल्याला सहा महिने मार्गदर्शक, दरमहा ५० हजार रुपये म्हणजे एकूण तीन लाख, आणि पुस्तक निघाल्यावर १० टक्के रॉयल्टी.

विषय तीन होते: राष्ट्रउभारणीत परदेशस्थ भारतीयांचं योगदान, भारतीय ज्ञानपरंपरा आणि १९५० नंतरचे आधुनिक भारताचे शिल्पकार. तिसऱ्यात बहुतेक जण तीच ती मोठी नावं घेतात, आणि पन्नास पुस्तकांतून जमवलेलं एक्कावन्नावं पुस्तक होतं. त्यापेक्षा वि. स. पागे घ्या. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेमागचा हा माणूस, विधान परिषदेचा सभापती. योजनेचा कायदा १९७७ चा. विधान परिषदेतल्या चर्चा छापील मिळतात, आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या, कामावर सुकडी (मजुरांना वाटलं जाणारं कोरडं पौष्टिक खाणं) खाल्लेल्या आज्या गावोगाव आहेत. मजुरी किती मिळाली, मुकादम हजेरी कशी मांडायचा, एवढं जरी त्यांना विचारलंत तरी एक प्रकरण उभं राहतं. मुलाखतीची तारीख, गाव आणि परवानगी मात्र लगेच टिपून ठेवा, नंतर आठवत नाही.

प्रस्ताव १० हजार शब्दांचा. त्यात दोन-तीन हजार शब्दांचा सारांश, प्रकरणांचा आराखडा, सात-आठ हजार शब्दांची दोन-तीन नमुना प्रकरणं आणि संदर्भसूची. माझ्या मते कस लागतो तो नमुना प्रकरणांत. सारांश कुणीही सजवतो. संदर्भसूची शेवटच्या रात्री करू नका. पुस्तक हातात असतानाच लेखक, प्रकाशक, वर्ष, पान लिहून घ्या.

अर्ज केंद्र सरकारच्या मायगव्ह पोर्टलवर ऑनलाइन होता. त्यामुळे खातं आधीच उघडून ठेवा. एका व्यक्तीला एकच प्रवेशिका, तीही टाइप केलेली, वर्ड आणि पीडीएफ दोन्ही स्वरूपांत. एकदा दिलेला विषय मागाहून बदलता येत नव्हता. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा आणि पीडीएफ दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर उघडून जोडाक्षरं नीट दिसतात ना ते पाहा.