हायस्पीड डिझेल आणि लाइट डिझेल ऑइल: पोकलेनच्या टाकीत नेमके काय भरावे?

रस्त्याच्या मोठ्या कामावर डांबर-खडी तापवून मिसळणारा हॉट मिक्स प्लांट आणि पोकलेन, डंपर, रोलर, पेव्हर यांचा ताफा बहुधा एकाच कॅम्पवर असतो. प्लांटच्या बर्नरसाठी लाइट डिझेल ऑइल, म्हणजे एलडीओ, मागवले जाते आणि यंत्रांच्या इंजिनांसाठी हायस्पीड डिझेल, म्हणजे एचएसडी. दोन्ही तेले सरकारी तेल कंपन्या विकतात आणि कॅम्पवरच्या बोलण्यात दोघांनाही सरसकट ‘डिझेल’ म्हटले जाते. किलोमागे मिळणारी उष्णताही जवळपास सारखीच, सुमारे साडेदहा हजार किलोकॅलरीच्या आसपास भरते. त्यामुळे एक तेल प्लांटला चालते तर पोकलेनला का चालू नये, हा प्रश्न अनेक कंत्राटदारांना पडतो आणि तो गैरवाजवीही नाही.

या प्रश्नामागे हिशेबाची दोन खरी कारणे आहेत. हायस्पीड डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो आणि त्यापैकी काहीही कंत्राटदाराला जीएसटीच्या भरण्यातून वळते करून घेता येत नाही. एलडीओ मात्र जीएसटीत येते, त्यामुळे त्यावर भरलेला कर नियमात बसेल तिथे वजा होतो. दुसरे कारण साठवणुकीचे आहे. पेट्रोलियम कायद्यानुसार हायस्पीड डिझेल ‘ब’ वर्गात मोडते आणि परवान्याशिवाय ते एकूण २,५०० लिटरपर्यंतच, तेही १,००० लिटरहून मोठ्या नसलेल्या भांड्यांत ठेवता येते. एलडीओचा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते तो आकडा, किमान ६६ अंश सेल्सिअस असल्याने ते ‘क’ वर्गात जाते आणि त्यासाठी ही मर्यादा ४५,००० लिटर आहे. कागदावर एलडीओ सोयीचे दिसते ते यामुळे. पण इंधन निवडताना पहिला विचार ते कशात आणि किती वेळात जळणार याचा करायला हवा. कर आणि परवाना यांचा क्रम त्यानंतर लागतो.

हायस्पीड डिझेल हे संपूर्णपणे ऊर्ध्वपातनातून मिळालेले तेल आहे. एलडीओमध्ये अशाच तेलाला तळाशी उरलेल्या जड, काळपट तेलाचा थोडा अंश मिसळलेला असतो. या थोड्याशा अंशामुळे तेल दाट होते, रंग गडद होतो आणि जळल्यावर मागे कार्बन जास्त राहतो. ४० अंश सेल्सिअसला हायस्पीड डिझेलची चिकटता, म्हणजे दाटपणा, २ ते ४.५ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) असावी लागते, तर एलडीओला २.५ पासून थेट सुमारे १५ पर्यंत मुभा आहे. तेल कंपन्यांनी घातलेली ढोबळ सीमा अशी की मिनिटाला ७५० फेऱ्यांच्या खाली फिरणाऱ्या मंदगती इंजिनांसाठी एलडीओ आणि त्यावरच्या इंजिनांसाठी एचएसडी.

ही सीमा कुठून येते हे वेळेच्या गणितातून कळते. पोकलेनचे इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी चालत असेल, तर एक फेरी ३० मिलिसेकंदांत पूर्ण होते आणि इंधन फवारून ते जळण्यासाठी क्रँकच्या साधारण ६० अंशांइतका अवकाश धरला, तर हातात केवळ ५ मिलिसेकंद उरतात. मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या इंजिनाला त्याच कामासाठी २० मिलिसेकंद मिळतात. दाट तेलाचे थेंब मोठे पडतात, मोठा थेंब जळायला वेळ घेतो, आणि वेळ नसेल तर तो अर्धवट जळून नोझलच्या तोंडाशी, पिस्टनच्या खाचांत आणि व्हॉल्व्हवर काजळी होऊन बसतो. बर्नरला ही अडचण नसते, कारण तिथे ज्वाला अखंड पेटलेली असते, ड्रममध्ये जागा भरपूर असते आणि दाट तेल आधी तापवून पातळ करता येते. विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीत एकेकाळी चालणारी मिनिटाला ६५० फेऱ्यांची लिस्टर पद्धतीची ऑइल इंजिने एलडीओवर वर्षानुवर्षे टिकली ती याच कारणाने. त्या अनुभवावरून आजच्या यंत्राबद्दल अनुमान काढणे मात्र चुकीचे आहे.

खरा मोठा फरक गंधकाचा आहे आणि माझ्या मते निर्णय इथेच व्हायला हवा. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ हायस्पीड डिझेलमध्ये किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त गंधक चालत नाही. एलडीओच्या मानकातील कमाल मर्यादा एक टक्क्याहूनही वर आहे, आणि एक टक्का म्हणजे किलोमागे १०,००० मिलिग्रॅम. प्रत्येक खेप मर्यादेला टेकलेली असते असे नाही, पण खरेदीदाराला मानक जेवढी हमी देते तेवढीच धरून चालता येते. गंधक जळल्यावर तयार होणारे ऑक्साइड पाण्याच्या वाफेशी मिळून आम्ल बनते. इंजिन ऑइलमध्ये त्या आम्लाला मारणारा क्षारांश असतो, परंतु तो कमी गंधकाच्या इंधनाचा हिशेब धरून घातलेला असतो. एलडीओ जाळल्यास तो लवकर संपतो, आणि ठरलेल्या तासांनी ऑइल बदलत राहूनही लायनर, रिंगा आणि बेअरिंग आम्लाने झिजतात.

नव्या यंत्रांत यापुढचा धोका आहे. बांधकाम यंत्रांच्या धुरावरील नियमांचा सीईव्ही स्टेज-४ हा टप्पा एप्रिल २०२१ पासून आला आणि स्टेज-५ हा १ जानेवारी २०२५ पासून. या इंजिनांत बहुधा कॉमन रेल पद्धतीने, म्हणजे सर्व नोझलना जोडणाऱ्या एकाच उच्चदाब नळीतून, दीड हजार बारच्या वर दाबाने इंधन फवारले जाते आणि धूर शुद्ध करण्यासाठी सायलेन्सरच्या मार्गावर उत्प्रेरक व काजळी अडवणारी गाळणी बसवलेली असते. गंधक उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाला चिकटून त्याचे काम मंदावते. उत्प्रेरक मंदावला की गाळणीतील काजळी वेळेवर जळत नाही, यंत्र पुन्हा पुन्हा गाळणी साफ करण्याचा इशारा देते आणि शेवटी स्वतःची ताकद कमी करून घेते. जड तेलातील धातूंची राख तर गाळणी कितीही तापवली तरी जळून जात नाही.

म्हणूनच थोडीशी भेसळही थोडी नसते. २०० लिटरच्या बॅरलच्या तळाशी २ लिटर एलडीओ राहिले असेल, त्यात एक टक्का गंधक असेल आणि त्यावर बीएस-६ डिझेल भरले, तर त्या सगळ्या डिझेलचे गंधक किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर जाते, म्हणजे मर्यादेच्या दहापट. बॅरल, पंप, पाइप आणि बाउझर (यंत्रांपर्यंत इंधन नेणारा टँकर) दोन तेलांसाठी संपूर्ण वेगळे ठेवणे आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत तेलाचे नाव रंगवणे हे काही टापटिपीचे हौशी नियम नाहीत.

पाण्याबाबतही दोन मानके फार लांब आहेत. हायस्पीड डिझेलमध्ये किलोमागे २०० मिलिग्रॅम पाणी चालते, म्हणजे १,००० लिटरमागे पाव लिटरही नाही. एलडीओत पाव टक्का चालते, म्हणजे तेवढ्याच तेलात अडीच लिटर. कॉमन रेलच्या नोझलमधील सरकत्या भागांतली फट काही मायक्रॉनचीच असते, तिथे पाणी आणि गाळ काय करतात हे दुरुस्तीचे बिल पाहिलेल्या कोणत्याही मालकाला ठाऊक आहे. थंडीचे म्हणाल, तर उन्हाळी प्रतीचे एलडीओ २१ अंशांवरही आणि हिवाळी प्रतीचे १२ अंशांवर गोठण्याकडे झुकू शकते, आणि नागपूर किंवा निफाडकडच्या डिसेंबरच्या रात्री अनेकदा याहून थंड असतात.

जुनी यंत्रे असणाऱ्यांचा आक्षेप वेगळा असतो. गंधक काढल्यामुळे बीएस-६ डिझेलचा वंगणगुण गेला, म्हणून जुन्या पंपाला थोडे एलडीओ मिसळलेलेच बरे, असे ते म्हणतात. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत तेलाचा वंगणगुण कमी होतो हे खरे आहे, परंतु मानकातच त्याची कसोटी आहे: ठरावीक चाचणीत घर्षणाने पडणारा डाग ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये, आणि त्यासाठी लागणारे द्रव्य डिझेल पंपावर येण्यापूर्वीच घातलेले असते. जुना यांत्रिक पंप एलडीओवर लगेच बंद पडत नाही, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल. आम्ल आणि काजळी त्यालाही चुकत नाहीत.

दोन तेलांची ओळख पटवताना घनतामापकावर विसंबू नये, कारण दोघांच्या घनता एकमेकींच्या फार जवळ येऊ शकतात. घनतेचा उपयोग वेगळा आहे: १५ अंशांना मोजलेली घनता बिलावरच्या आकड्यापेक्षा घनमीटरला ३ किलोहून जास्त हलली, तर ती खेप उतरवून घेऊ नये. काचेच्या बाटलीत उजेडासमोर धरल्यास एलडीओचा गडद तपकिरी रंग सहसा कळतो, पण दोन्ही मिसळलेली असतील तर रंग दगा देतो. अशा वेळी गंधकाची प्रयोगशाळेतील तपासणी एवढाच खात्रीचा मार्ग राहतो, आणि नव्या यंत्राच्या गाळणीच्या किमतीपुढे तिचा खर्च किरकोळ आहे.

चुकून पोकलेनमध्ये एलडीओ भरले गेलेच, तर चावीसुद्धा फिरवू नये, कारण अनेक यंत्रांत चावी फिरताच छोटा पंप इंधन पुढे ढकलू लागतो. टाकी तळापर्यंत रिकामी करावी, स्वच्छ एचएसडीने धुवावी, दोन्ही इंधन फिल्टर आणि पाणी वेगळे करणारी वाटी बदलावी किंवा साफ करावी, आणि इंजिन चालून गेले असेल तर इंजिन ऑइलही मुदतीची वाट न पाहता बदलावे. यंत्राच्या टाकीतून काढलेले इंधन डांबर प्लांटच्या टाकीत टाकता येते. बर्नरला त्याचे काही वावगे नाही.