फाइल जाते हवेतून, डेटा खातं दुसरंच कोणी

शेजारच्या फोनवर लग्नाचा व्हिडिओ पाठवला की दोघांचा डेटा जातो, हा समज शेअरइटच्या काळापासून चालत आलाय. जात नाही. अँड्रॉइड फोनमधल्या क्विक शेअर या फाइल पाठवायच्या सोयीत दोन फोन ब्लूटूथने एकमेकांना शोधतात आणि फाइल थेट वायफायवरून जाते. मध्ये ना टॉवर, ना इंटरनेट. पटत नसेल तर दोन्हीकडे फ्लाइट मोड लावा, फक्त वायफाय-ब्लूटूथ चालू करा आणि पाठवून बघा. (लिंक बनवून पाठवलंत तर मात्र नेट लागणारच.)

मग पॅक संपतो कसा? फाइल पाठवायला लावलेल्या हॉटस्पॉटमुळे. हॉटस्पॉटला जोडलेल्या फोनला वाटतं, वायफाय मिळालं! लगेच फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट सुरू. आळ येतो बिचाऱ्या फाइलवर. म्हणून हॉटस्पॉटने पाठवायचं असेल तर आधी मोबाइल डेटा बंद करा.

‘डेटा वाचवायला’ नुसतं ब्लूटूथ वापरणं तर शुद्ध वेळखाऊपणा: १ जीबीला तासभर सहज जातो, वायफायवर बहुधा एक-दोन मिनिटं. आणि ४ जीबीहून मोठी फाइल फॅट३२ (फाइली साठवायची जुनी पद्धत) असलेल्या मेमरी कार्डावर मावतच नाही, कार्ड रिकामं असलं तरी. ती फोनच्या स्टोरेजमध्येच घ्या.